मांड्रेकच्या गोष्टींतला लोथार : गडी, सोबती की अजून कोणी?

बोरीकाठचा

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण पंधरा दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी गेलो होतो, अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत थोरल्या भावाची इंद्रजाल कॉमिक्स निघाली. सुतळीने बांधलेले गठ्ठे, कडा कसरीने खाल्लेल्या, प्रत्येक अंकावर निळ्या शाईत भावाची सही आणि खाली 'वाचून परत करणे'. भाऊ आता नाही. त्याचा नातू साडेसात वर्षांचा आहे. दुपारच्या उन्हात बाहेर सोडत नाहीत म्हणून माझ्या बाजूला येऊन बसला आणि मी त्याला जादूगार मांड्रेकची गोष्ट अहिराणीत सांगायला लागलो. आजीशी तो अहिराणीतच बोलतो, मग तीच भाषा धरली.

मांड्रेकने हात हलवला, गुंडाच्या हातातल्या पिस्तुलाचा साप झाला, पोरगं खूश. मग मांड्रेकबरोबर कायम असणाऱ्या धिप्पाड लोथारच्या तोंडचं पहिलं वाक्य आलं आणि माझी गाडी अडली. लोथार मांड्रेकला काय म्हणेल? मालक? साहेब? जिभाऊ? की नुसतं मांड्रेक? आपल्या भाषेत 'तू' की 'तुम्ही' हे ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. आणि ते ठरवायचं तर लोथार मांड्रेकचा कोण, ते आधी ठरवावं लागतं.

माझं मत सांगतो. मांड्रेक करतो तो सगळा भास. साप नसतो, आग नसते, भिंतही नसते. समोरच्याची नजर बांधलेली असते एवढंच. नजर सुटली की पिस्तूल पुन्हा पिस्तूल. मधल्या त्या चार क्षणांत ते हिसकावून घेणारा हात लोथारचा. त्या सगळ्या मायेत तेवढी एक गोष्ट खरी आहे. लोथार काढून टाका, मांड्रेक पहिल्या पाच पानांत गोळी खाऊन पडेल. मग त्याला दुय्यम पात्र का म्हणायचं? आणि त्याच्या तोंडी 'मालक' कसं घालायचं?

तुम्ही काय म्हणाल?

भुसावळ_जंक्शन

वा! पेटी निघाली म्हणजे खजिनाच निघाला. जपा. गठ्ठ्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, कसर पुढे जाणार नाही.

आमचं बालपण रेल्वे क्वार्टरमधलं. वडील गार्ड. गाडी घेऊन परतले की स्टेशनवरच्या पुस्तकांच्या ठेल्यावरून कधीतरी अंक यायचा, मग तो अख्ख्या चाळीत फिरायचा. नंबर लागायचे. माझा नंबर येईपर्यंत पानांना भज्यांचा वास लागलेला असायचा.

नव्या लोकांसाठी: इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं, टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाकडून. आधी नुसता वेताळ (म्हणजे फँटम), मग मांड्रेक आणि बाकीचे आले. १९७६ ला बहादूर आला, आबिद सुरतींनी घडवलेला, आपल्या मातीतला. १९९० ला सगळं बंद झालं.

चाळीत आमची एक म्हण होती, बोरीकाठच्या भाऊंना आवडेल: जादू मांड्रेकनी, मार लोथारना.

पांझरा

म्हण झकास. पण बोरीकाठचे भाऊ, तुमच्याशी अर्धाच सहमत.

लोथारवर प्रेम मीही केलंय. धुळ्यात सुट्टीत भाड्याने कॉमिक्स आणून वाचणाऱ्या पोरांपैकी मी एक. पण मोठेपणी जुन्या चित्रपट्ट्या बघितल्या आणि पोटात कालवलं. मांड्रेक ११ जून १९३४ ला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू झाला, लेखक ली फॉक, चित्रं फिल डेव्हिसची. लोथार पहिल्यापासून त्याच्या सोबत आहे. पण कसा? डोक्यावर तुर्की गोंड्याची टोपी, अंगावर बिबट्याचं कातडं, आखूड चड्डी, मोडकंतोडकं इंग्रजी. आणि मांड्रेकला हाक 'मास्टर'. १९३५ च्या, पट्टी पुरवणाऱ्या कंपनीच्याच एका मजकुरात तर त्याला मांड्रेकचा धिप्पाड काळा गुलाम म्हटलंय. गुलाम! शब्द तोच आहे, मी पदरचा घातलेला नाही.

तेव्हा सुरुवातीचा लोथार गडीच होता, आणि त्याला गडी केला तो लिहिणाऱ्यांनी. आपण आता प्रेमाने त्याला सोबती म्हणतोय, म्हणा. पण त्याच्यावर झालेला अन्याय झाकून म्हणू नका.

बोरीकाठचा

@पांझरा, अगदी बरोबर. मी झाकणार नाही. पण माझ्या पेटीतला लोथार वेगळा दिसतो. शर्ट-पँट घालतो, नीट बोलतो. मधे काय झालं?

पांझरा

मधे चित्रकार बदलला. १९६४ ला फिल डेव्हिस वारले आणि १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढायला लागले. त्यांच्या हातात लोथारचे कपडे बदलले, बोलणं सुधारलं. बिबट्याचे ठिपके मात्र शर्टावर अधूनमधून उरले. अमेरिकेत तेव्हा काळ्या लोकांचा नागरी हक्कांचा लढा ऐन भरात होता, तेव्हा जुना लोथार वर्तमानपत्रात छापणं अवघड होत चाललं असणार, असं माझं मत. इंद्रजाल आणि फ्रेडरिक्स यांच्या तारखा बघा, आपल्यापैकी बहुतेकांनी हा बदललेला लोथार वाचला. आपलं नशीब.

चोपड्याची_लेक

मुलींनी पण वाचायचं बरं का मांड्रेक! आम्ही तिघी बहिणी एका अंकावर तुटून पडायचो.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. लोथार राजपुत्र आहे. आफ्रिकेतल्या सात राष्ट्रांच्या संघाचा राजपुत्र. गादी चालून आली होती, ती सोडून तो मांड्रेकबरोबर जगभर फिरायला निघाला. आणि मांड्रेकची प्रेयसी नार्दा? ती कॉकेन नावाच्या देशाची राजकन्या. लोथारची मैत्रीण कर्मा, तीही राजकन्याच, शिवाय मॉडेल. म्हणजे त्या टोळक्यात राजघराण्यातला नसलेला माणूस एकच, तो म्हणजे टोपीवाला जादूगार! मान द्यायचा झालाच तर मांड्रेकने लोथारला 'राजे' म्हणायला पाहिजे.

नार्दाला मात्र फार वर्षं ताटकळत ठेवलं मेल्याने. १९३४ पासून जोडी आणि लग्न १९९७ ला. वेताळाने तरी १९७७ ला डायनाशी उरकून टाकलं.

भुसावळ_जंक्शन

'राजे' हा मुद्दा जबरदस्त आहे. लहानपणी हे वाचूनही कधी लक्षात आलं नव्हतं.

केळीचं_पान

मी रावेरकडचा. माझ्या मते इतका विचार नको. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला शेतगडी. घरचा माणूस, विश्वासाचा, ताकदीचा, मालकाच्या शब्दाखातर रात्री बारालाही मळ्यात जाणारा. आमच्या लेवा बोलीत लोथार म्हणेल, "मालक, तुमी बाजूले व्हा, मी पाह्यतो." कसं चपखल बसतं बघा. मालक म्हटल्याने प्रेम कमी होत नाही.

मांडेवाली

मला लोथारवरून दुसरंच आठवलं. आमच्या आठवडे बाजारात डमरू वाजवत जादूगार यायचा. मडकी-गाडग्यांच्या ओळीपलीकडे मोकळी जागा होती तिथे गोल करून बसवायचा सगळ्यांना. त्याच्याबरोबर जमुरा, दहा-अकरा वर्षांचा पोरगा. पोराला झोपवायचं, वर काळी चादर टाकायची, "जमुरे, घूम जा" आणि मग चादरीवरून सुरा फिरवायचा. बायका डोळे मिटून घ्यायच्या.

मी मात्र चादरीबाहेर राहिलेला त्याचा घोटा बघत बसायची. काडीसारखा, धुळीने पांढरा पडलेला, त्यावर एक ओली जखम आणि जखमेवर माशी. जादूगार ओरडत होता, लोक नाणी टाकत होते, आणि त्या पोराने पायसुद्धा हलवला नाही. माशी बसलेली असताना हलवला नाही! जादू वाटली ती मला तेवढीच.

जमुरा हलला तर खेळ संपला. लोथारचं तसंच आहे ना? मांड्रेकच्या हातवाऱ्यांवर आपण टाळ्या वाजवतो आणि ज्याच्या जिवावर खेळ उभा आहे त्याच्याकडे बघत नाही.

गोमाईकाठ

मांडेवाली ताई, तो घोटा आता माझ्याही डोळ्यांसमोरून जात नाही.

(अवांतर: तुमच्या नावावरून विचारतो, खापरावरचे मांडे अजून घरी करता का? शहाद्यात आमच्या काकू करायच्या, हातावर पोळी फिरवत कोपरापर्यंत न्यायच्या. तोही जादूचाच प्रयोग.)

मांडेवाली

करते हो, आखाजीला आणि जावई आले की. खापर आईचं आहे. पण धागा मांड्यांकडे नको वळवायला, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद शेवभाजीवर येतील.

सातपुडा_सावली

केळीचं_पान यांचा प्रतिसाद तीनदा वाचला. रागावून लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील सालदार होते. एकवीस वर्षं, एकाच घरी. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी सालदाराच्या घरात काय चालतं, ते सांगतो. सकाळी घागर भरायची, पितरांना जेवू घालायचं, आणि दुपारी वडील धुतलेला सदरा घालून हिशोबाला जायचे. वर्षभर घेतलेली उचल त्यातून वळती व्हायची. बहिणीचं लग्न, आईचं दुखणं, सगळं त्या वहीत. परत यायचे तेव्हा पुढच्या सालाची उचल खिशात असायची. म्हणजे पुढचं साल तिथेच. आई काही विचारायची नाही, चेहरा बघून चूल पेटवायची.

मालक वाईट नव्हते. सणाला कपडे यायचे, मी शिकावं म्हणून त्यांनी वह्याही दिल्या, ते विसरणार नाही. पण त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, आठ वर्षांचा. वडील त्याला म्हणायचे, "भाऊ, तुम्ही सावलीत बसा." त्याला 'तुम्ही'. आणि तो माझ्या वडिलांना नावाने हाक मारायचा, 'अरे' लावून. मी बांधावर उभा राहून ते ऐकायचो. त्याला दोष देत नाही, तोही पोरच होता, घरात जे ऐकलं तेच बोलत होता. पण कानात राहिलंय.

तेव्हा 'मालक' म्हटल्याने प्रेम कमी होत नाही, हे ज्याला मालक म्हणतात त्याला वाटतं. म्हणणाऱ्याला विचारा.

लोथार सालदार नाही. सालदाराला जायला जागा नसते म्हणून तो राहतो. लोथारला जायला अख्खं राज्य होतं, चोपड्याच्या ताईंनी सांगितलं तसं. तो रोज जाऊ शकत होता आणि गेला नाही. लहानपणी मला तो आवडायचा तो याच कारणाने, हे आज लिहिताना कळतंय. माझ्या वडिलांसारखा ताकदवान, पण कुणाच्या वहीत नाव नसलेला माणूस. बोरीकाठचे भाऊ, त्याच्या तोंडी मालक घालू नका, एवढी विनंती.

चोपड्याची_लेक

दादा, काय बोलू. फक्त नमस्कार करते. वडिलांना.

केळीचं_पान

सातपुडा दादा, माझा शब्द मागे घेतो. आमच्याकडेही सालदार होते. मी त्यांना काय म्हणायचो ते आठवलं आणि रात्री झोप लागली नाही. माफ करा.

सातपुडा_सावली

अहो माफी कशाला. तुम्ही आठवलंत, पुरे झालं. थंडीत रावेरला येतो, भरीत खाऊ घाला.

नवखा_वाचक

मी तुमच्यापेक्षा बराच लहान, इंद्रजाल पीडीएफवर वाचलेली. भुताखेतांच्या नव्या इंग्रजी कॉमिक्सचा वाचक. हेलब्लेझर १९८८ ला सुरू झालं, त्यात जॉन कॉन्स्टंटाइन नावाचा मांत्रिक आहे आणि त्याचा दोस्त चॅझ, लंडनचा टॅक्सीवाला. जॉन सैतानाशी सौदे करतो आणि चॅझ त्याला टॅक्सीतून इकडून तिकडे नेतो. ना मंत्र येतात, ना ताकद. पण बायको-पोरं, घरदार, वेळेवर घरी जायची घाई, हे सगळं चॅझकडे आहे. मांत्रिकाच्या नादाने त्याच्या संसाराला झळ बसते, आणि तो चिडतो. तोंडावर शिव्या देतो.

माझ्या मते अशा मालिकांत सोबत्याचं काम हेच असतं. आपण वाचणारे मांत्रिक नसतो. अद्भुताच्या शेजारी एक साधा माणूस उभा केला की त्याच्या मापाने आपल्याला भीती कळते. लोथारबाबत माझी तक्रार एवढीच की तो कधी चिडत नाही. मांड्रेक त्याला कुठल्याही संकटात नेतो आणि तो जातो. मैत्री असेल तर एखादा दिवस तरी भांडायला पाहिजे.

पांझरा

नवखा, तू मुद्द्याचं बोललास. भांडणाचा हक्क ही मैत्रीची खरी खूण. फॉकने तो हक्क लोथारला फारसा दिला नाही.

पण लोथार साधा माणूस नाही रे. जगातला सर्वांत ताकदवान माणूस म्हणून त्याची ओळख. हत्ती उचलणारा गडी आपल्या मापाचा कसा?

बोरीकाठचा

@पांझरा, मापाचा नाही, पण जातीचा आपल्याच. म्हणजे असं, ताकद हत्तीची असली तरी ती अंगमेहनतीची आहे. दार खांद्याने उघडायचं, दगड हाताने उचलायचा. आपल्या गावातल्या तालमीतला पैलवान मोठा करून पाहिला की लोथार दिसतो. मांड्रेक मोठा करून पाहायला आपल्याजवळ कोणी नाही. माझा पुतणनातूही मांड्रेक होत नाही, लोथार होतो. परवा गव्हाची गोणी उचलायला गेला, अंगठा चेचून घेतला.

गोमाईकाठ

आता एक पुरावा मी देतो. मांड्रेकच्या झनाडू बंगल्यात होजो नावाचा जपानी आचारी आहे. आठवतो? स्वयंपाकघरातला माणूस. आणि प्रत्यक्षात तो इंटर-इंटेल या आंतरराष्ट्रीय गुप्तचर संस्थेचा प्रमुख निघतो! म्हणजे जो लेखक १९३४ ला लोथारच्या तोंडी 'मास्टर' घालत होता, त्यानेच पुढे आचाऱ्याला साहेबांचा साहेब करून टाकलं. फॉक १९९९ ला वारले तोवर लिहीत होते. पासष्ट वर्षांत माणूस बदलतो, त्याची पात्रंही बदलतात. तेव्हा पांझरा म्हणतात तो लोथार आणि बोरीकाठचे म्हणतात तो लोथार, दोन्ही खरे. पुतणनातवाला कुठला द्यायचा, हे सांगणाऱ्याच्या हातात आहे.

आणि बदल करायला घाबरू नका. इंद्रजालवाल्यांनी वेताळाच्या 'बेंगाली' देशाचं 'डेंकाली' करून टाकलं होतं, बंगालशी गल्लत नको म्हणून. आपण तिथेच लहानाचे मोठे झालो, कुणाचं काही बिघडलं नाही.

मांडेवाली

मग मूळ प्रश्नाचं काय ठरलं? जिभाऊ म्हणू द्या माझ्या मते. मान आहे, माया आहे, आणि कुणी कुणाचा मालक नाही.

भुसावळ_जंक्शन

जिभाऊ थोरल्याला म्हणतात. मांड्रेक थोरला कशावरून? मिशा आहेत म्हणून?

चोपड्याची_लेक

दोस्तार. विषय संपला.

केळीचं_पान

दोस्तार हे नातं झालं, हाक नाही. शेतात कोणी "ओ दोस्तार" म्हणून हाक मारतं का? 'भो' म्हणू द्या. आमच्याकडे बरोबरीच्या माणसाला भोच म्हणतात. या वेळी विचार करून सांगतोय.

नवखा_वाचक

भो ला +१.

बोरीकाठचा

आठवड्याने धागा वर काढतोय. शनिवारी पुन्हा गावी जाऊन आलो.

तुमचे सगळे प्रतिसाद वाचून 'भो' ठरवून गेलो होतो. ओट्यावर बसलो, अंक उघडला, लोथारचं वाक्य आलं. मी म्हटलं, "भो, तू मांगे सरक..." पोराने माझं मनगट धरलं. म्हणाला, "आबा, त्याले नाव नही का?"

मी म्हटलं, शे ना, मांड्रेक.

"मंग लोथार त्याले मांड्रेकच म्हनस ना."

पुढचं लोथारचं प्रत्येक वाक्य त्यानेच म्हटलं. चेचलेल्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, छाती फुगवलेली, आवाज खर्जातला: "मांड्रेक, तू मांगे सरक. मी देखस." वहिनी आतून बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. भाऊ असाच आवाज काढून वाचायचा, म्हणाली. मला ते माहीत नव्हतं. मी तेव्हा शिकायला बाहेर होतो.

सातपुडा दादा, तुमच्या वडिलांची गोष्ट मी वहिनीला सांगितली. आमच्याही घरी सालदार होते. वहिनीने त्यांचं नाव घेतलं आणि पुढे 'बाबा' जोडलं. आमच्या घरात ते नाव असं मी पहिल्यांदा ऐकलं.

सातपुडा_सावली

वाचलं. पोराचा आवाज फोनवर टिपून ठेवा, वर्षभरात बदलतो. 'मी देखस' एवढं जरी मिळालं तरी मला पाठवा.

बोरीकाठचा

पाठवतो. आता एक अडचण. त्याच अंकाची शेवटची चार पानं कसरीने नेली आहेत. लोथार पाण्याखालच्या कोठडीचं दार ढकलतोय, तिथे गोष्ट तुटते. पोरगं रोज वहिनीच्या फोनवरून विचारतं, दार उघडलं का. मनाने शेवट सांगायला गेलो तर ऐकत नाही, पान दाखवा म्हणतं. कोणाकडे असेल का?

भुसावळ_जंक्शन

माझ्याकडे दोन ट्रंका आहेत. मुखपृष्ठावर काय आहे, रंग कोणता, तेवढं सांगा. अंक क्रमांक फाटला असला तरी हुडकून काढतो. रविवारी पॅसेंजरने येतो हवं तर, अमळनेरला उतरतो, पानं हातात देतो. टपालावर सोडायची नाहीत.

बोरीकाठचा

निळं मुखपृष्ठ, मधे शार्क, डाव्या कोपऱ्यात लोथारचा नुसता हात दिसतो. या, जेवायलाच या.